नाक टोचायचं राहिलं होतं

१

दरवर्षी नाताळाच्या आधी मी चुना भिजवतो. मी किरिस्ताव नाही की गवंडी नाही. मी विणकर, नाव टिकाराम. शिक्षण चौथी पास. पाचवीत मास्तरांच्या खुर्चीला सुताची खळ फासली, मास्तर धोतरासकट चिकटले, आणि माझं शिक्षण तिथेच सुटलं.

तेव्हापासून गावात कुणाला सोडलं नाही. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्या साली मी पुंडलिकरावांना सांगितलं की नवी हद्द तुमच्या घरातून गेली आहे, चूल गोंदियात आणि देवघर भंडाऱ्यात. बिचारा पिशवीत घरपट्टीच्या पावत्या घालून साकोलीपर्यंत चौकशी करून आला. अजून बोलत नाही माझ्याशी. आम्ही दोघं एकाच ओट्यावर बसतो, तरी नाही.

तर चुना. आमच्या जुन्या गावाला लागून टेकडी होती, टेकडीवर पादऱ्याचं देऊळ. खूप जुनं. कुणी गोव्याकडचा पादरी इकडे आला आणि त्याला आपल्या गावचं देऊळ आठवत राहिलं, म्हणून त्यानं ते इथं बांधलं, असं म्हणतात. नागपूरहून एक शिकलेली बाई फोटो काढायला आली होती, तिनं सांगितलं की ही बरोक शैली आहे. मी म्हटलं, असेल बाई. मला दिसतं ते असं, की यात सरळ काहीच नाही. खांब म्हणजे पिळून वाळत टाकलेल्या सुताच्या लडी. दर्शनी भिंतीचे खांदे शंखासारखे वळलेले. वेदीमागं सोनेरी किरणं, त्यातली निम्मी गळालेली. आणि भिंतीला वरच्या बाजूनं ओळीनं लेकरांची मुंडकी. नुसती मुंडकी, आणि गळ्याखाली दोन पंख. ना पोट, ना पाय.

"याइले जेवू घालाची चिंता नाही," असं मी लहानपणी म्हणालो होतो, तेव्हा आईनं तोंडात मारली होती.

कारण त्या ओळीत माझा थोरला भाऊ होता.

२

पादऱ्याच्या वेळची गुबगुबीत परदेशी तोंडं आमच्या पावसात गळून गेली. मग गावच्या गवंड्यांनी ती नव्यानं केली. गवंड्यांनी परदेशी लेकरू कुठं पाहिलेलं? पाहिलेलीच तोंडं त्यांच्या हातून निघाली. त्यातून ही रीत पडली. गावात लहान लेकरू गेलं की त्या वर्षीच्या चुनेकामात त्याचं तोंड त्या ओळीत बसवायचं. लेकरू कोष्ट्याचं असो, धिवराचं असो, बुद्धविहारातलं असो. किरिस्तावांची घरं चारदोनच, पण भिंत सगळ्यांची.

चुन्यात भाताची पेज घालतात, तशानं तो पक्का होतो. ती पेज त्या लेकराच्या आईनं आपल्या घरच्या भांड्यातून द्यायची. दिली की तिचं काम संपलं. तिनं पुन्हा त्या भिंतीकडे जायचं नाही. दरवर्षी नवा हात द्यायचा तो बापानं, आणि कुंचल्यानं नाही, अंगठ्यानं. कपाळ, डोळे, नाक, हनुवटी. बाप नसेल तर भावानं. म्हणून मी पोरवयापासून थोरल्या वासुदेवाच्या तोंडावर अंगठा फिरवत आलो. तो माझ्या जन्माआधी गेला. मी त्याला तसाच ओळखतो, अंगठ्यानं.

पुढे आमची रीता गेली. गावात पहिला टीव्ही आला तो पावसाळा. चार वर्षांची होती. ताप आला, नाला भरलेला, बैलगाडी अलीकडेच थांबली. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

सुमित्रानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पेज दिली. भांडं माझ्या हातात देताना एवढंच म्हणाली, "मंडईच्या जत्रेले नाक टोचणार होतो पोरीचं. राहूनच गेलं."

त्या दिवसापासून तिचं सगळं बोलणं त्या एका वाक्याभोवती फिरतं. शेजारणीच्या मुलीचं लग्न असो की तिच्या सुनेच्या नाकातली फुली हरवलेली असो, बोलता बोलता सुमित्रा तिथेच येते. नाक टोचायचं राहिलं.

३

जिल्हा फुटला त्याच साली मला पहिल्यांदा वाटलं की रीताची हनुवटी माझ्या अंगठ्यात मावत नाही.

विणकराचा अंगठा आहे हा. सूत चाळीस नंबरचं की साठचं हे न बघता सांगतो. आधी तो वाटीत बसावा तसा त्या हनुवटीवर बसायचा. आता बाहेर उरायला लागला.

मी स्वतःला हसलो. म्हटलं, टिक्या, गाढवा, दरवर्षी चुन्याचा एक थर चढतो. थरावर थर, तोंड मोठं होणारच. दारावरचा गणपती नाही का शेंदरानं फुगत? साधा हिशोब.

पण शेंदरानं गणपती फुगतो तेव्हा त्याचे डोळे बुजतात. रीताचे डोळे बुजले नव्हते. नाक उलट धारदार झालं होतं. गाल ओसरले होते.

तरी मी गप्प बसलो. गप्प म्हणजे, सगळ्यांची टिंगल करत होतो, पण याबद्दल गप्प.

पुढच्या की त्याच्या पुढच्या नाताळात, मी नाकाच्या डाव्या बाजूला अंगठा फिरवला आणि काहीतरी टोचल्यासारखं लागलं. टॉर्च मारला. नाकपुडीवर भोक होतं. बारीक, गोल, कडा गुळगुळीत. फुली घालायचं भोक.

चुना भोक बुजवतो हो. चुन्यानं भोक पडत नाही.

मी वाकून खाली पाहिलं, चुन्याचा भुगा पडला आहे का. म्हटलं एखादी कुंभारीण माशी असेल, माती नाही मिळाली म्हणून चुन्यात घर करते. मग बोटावर चुना घेतला आणि ते भोक नीट लिंपून टाकलं. घरी आलो. सुमित्रानं विचारलं, "कशी आहे?"

"तशीच," मी म्हटलं. "नाक फेंदारून बसली आहे, तुझ्यावानी."

ती हसली. पुढच्या वर्षी भोक पुन्हा उघडं होतं.

४

मग धरण आलं. गाव उठलं. आम्हाला अड्याळच्या अलीकडे वसाहतीत घरं मिळाली, एका साच्यातून काढलेली, सगळी सरळ. मी पहिल्या महिन्यात तीनदा दुसऱ्याच्या घरात जाऊन जेवायला बसलो. दोनदा चुकून, एकदा मुद्दाम.

जाताना प्रत्येकानं आपला देव उचलला. मारुतीचा दगड ट्रॅक्टरमधून आला. विहारातली मूर्ती तेजराम आणि त्याच्या बायकोनं, पंचफुलानं, मांडीवर घेऊन आणली. किरिस्तावांनी क्रूस काढून नेला. भिंतीतली लेकरं तेवढी राहिली. चुनेकाम उचलता येत नाही, उचलायला गेलं की त्याचं पीठ होतं.

पाणी टेकडीच्या कमरेपर्यंत येऊन थांबलं. देवळाचं बेट झालं. डोमा धिवर मला दरवर्षी डोंग्यातून तिथं सोडायचा. बेटावर पाणकावळे आणि मी, बाकीचे बाप येईनासे झाले होते. शहरातले लोकही फोटो काढायला यायचे. त्यातल्या एका नवऱ्या मुलाला मी सांगितलं की आत खांबाला मिठी मारली तर जुळी होतात. त्यानं मारली.

गेल्या पावसाळ्यात कळलं की यंदा पाणी पूर्ण भरणार. टेकडी जाणार. डोमा घरी सांगायला आला तेव्हा सुमित्रा दारात तांदूळ पाखडत होती. तिला काचबिंदू आहे. सूप कुठं संपतं हे ती हातानं बघते.

"मी येतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायाही 'येतो' म्हणतात.

"आईनं जायचं नसते," मी म्हटलं.

"कोणं सांगतलं? ज्या गावानं सांगतलं थे गाव कुठी आहे?"

डोमा हसला. मला हसू आलं नाही, ही नोंद घ्या.

"तुले दिसत नाही बुढे. काय पायशील?"

"हात लावीन. इतके वर्षं तुमचाच अंगठा लागला तिले. आता माहा लागू द्या. अन् छन्नी घ्या संगं. मारुतीले नेलं, बुद्धाले नेलं. माही पोट्टीच काहून बुडवता?"

मी तिला काय सांगणार होतो? की तिथं तुझी चार वर्षांची रीता नाही? की जी आहे ती कोण, मला ठाऊक नाही? ती ज्या तोंडाला जपून राहिली होती, ते तिच्या आंधळ्या डोळ्यांत अजून साबूत होतं. भिंतीतलं हाताला लागलं की ते जाणार.

मी छन्नी घेतली. मनाशी म्हटलं, भलतंच कुठलं तरी गालगुबगुबीत तोंड तिच्या हाताखाली देऊ. आयुष्यभर लोकांना फसवलं, आज बायकोला फसवू. चांगल्यासाठी.

५

दुपारची वेळ. ऊन चांगलं होतं. डोमानं डोंगा पायऱ्यांना लावला. पायऱ्या बुडालेल्या होत्या, वरच्या तेवढ्या मोकळ्या. "लवकर या जी," तो म्हणाला. "पाणी चढून राहिलं. मी डोंगा सोडून येत नाही."

आत गार होतं. भिंतींना ओल चढली होती. सुमित्रा माझा हात धरून चालत होती आणि आमच्या चपलांचा आवाज वर घुमटात जाऊन जरा उशिरानं परत येत होता.

मी आजवर ओळ अशी पाहिलीच नव्हती. यायचं, आपली दोन तोंडं घोटायची, आणि निघायचं. दुसऱ्याच्या लेकराकडे बघत राहू नये, अशी आमच्यात समज आहे. त्या दिवशी गुबगुबीत तोंड शोधायला म्हणून मी मान वर केली. गोल खिडकीतून ऊन थेट ओळीवर पडलं होतं.

एकही लेकरू नव्हतं.

बाप्ये होते, बाया होत्या. कुणाचं टक्कल, कुणाचे गाल बसलेले. गळ्याखाली तेच छोटे दोन पंख. तेजरामचा मुलगा मी ओळखला, कारण तो हुबेहूब आजचा तेजराम होता. सगळं गाव तिथं होतं. मोठं झालेलं, संसारात दमल्यासारखं दिसणारं. कधी न झालेलं गाव.

मी वासुदेवाकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर मागच्या नाताळातला माझाच चुना होता. तो म्हातारा झाला होता, अंगठ्याखाली हळूहळू झाला म्हणून मला कळलंच नव्हतं. तोंडाचं बोळकं. त्याचे डोळे मिटलेले होते. बाकी सगळ्यांचे उघडे होते, त्याचेच मिटलेले. आमच्या घरात माणूस गेल्यावर मिटतात तसे.

"कुठी आहे?" सुमित्रानं विचारलं.

माझ्या तोंडून खोटं निघालंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा. मी मोडकं बाक ओढलं, तिला वर चढवलं आणि तिचा हात रीतावर ठेवला.

६

सुमित्राची बोटं कपाळावरून भुवईवर आली. रीता ओट्यावरून पडली होती तेव्हाची भुवईतली खाच, ती सापडली. "आहे," ती म्हणाली. "आहे माही बाई."

मग बोटं नाकावर गेली आणि थांबली.

"नाक कोणं टोचलं?"

मी बाक घट्ट धरून ठेवलं.

"तुमीच टोचलं असन. खिळ्यानं. मले बरं वाटावं म्हणून." ती हसत होती आणि रडत होती. "लबाड मानूस."

"हो, मीच," मी म्हटलं. केवढं सोपं झालं सगळं. देवानं पुढ्यात आणून ठेवल्यासारखं ते खोटं मला मिळालं.

तिची बोटं पुढे सरकली. डोळ्याच्या कोपऱ्यावर गेली. तिथं बारीक रेघा होत्या, उन्हात काम करणाऱ्या बाईला पडतात तशा.

"अन् हे?" तिनं हळू विचारलं. "हे बी तुमीच केलं?"

वर घुमटात तिचा आवाज फिरला. ती समजून चुकली असावी, कारण तिनं हात मागे घेतला नाही. उलट दोन्ही तळव्यांत ते तोंड धरलं, आपल्या घरी माहेरी आलेल्या लेकीचं धरतात तसं.

"वाळली वं तू," ती म्हणाली. "जेवत नव्हती काय?"

मग तिनं आपल्या नाकातली फुली काढली. लग्नातली. पोरीच्या नाकात एका खेपेत बसवली. ती बसली, जशी तिथलीच होती.

"काढा आता तिले," सुमित्रा म्हणाली. "जपून."

मी बाकावर चढलो. गळा आणि पंख जुळतात तिथं छन्नीचं टोक टेकवलं. तोंड खाली पडू नये म्हणून डावा हात गळ्यावर धरला, अंगठा घाटीवर. उजव्या हातानं हातोडी उचलली.

अंगठ्याखाली गळा हलला.

एकदाच. खाली गेला आणि वर आला. आवंढा गिळल्यासारखा.

मी सांगतो ना, ओलीमुळे चुना फुगतो. फुगला की सरकतो. मी पन्नास वर्षं चुना पाहिला आहे. छन्नीचा दाब पडला, आतली पोकळी दबली, थर सरकला. असंच झालं असणार. फक्त अंगठा, ज्याला सूत चाळीसचं की साठचं ते कळतं, तो हे मानत नाही.

हातोडी खाली आली ती रिकामीच.

"काहून थांबले?"

"पक्कं बसलं आहे. निघत नाही."

सुमित्रानं चाचपडत हात वर केला, माझ्या हातावर ठेवला, तिथून गळ्यावर. ठेवून उभी राहिली. तिला काय लागलं मला माहीत नाही, मी विचारलं नाही, आजवर नाही.

"राहू द्या," ती शेवटी म्हणाली. "दुखन तिले."

बाहेरून डोमा हाका मारत होता. मी तिला उतरवलं. दारापर्यंत आलो. ती वळली नाही, तिला वळून दिसणार तरी काय होतं. मी वळलो. ती सगळी तोंडं वेदीकडे बघणारी, गवंड्यानं तशीच केलेली, आजवर वेदीकडेच बघत आलेली.

आता ती दाराकडे बघत होती. पाणी उंबऱ्यापाशी आलं होतं.

७

महिन्याभरात टेकडी गेली. देवळाच्या एका मनोऱ्याचं टोक तेवढं वर राहिलं, त्यावर पाणकावळा बसतो.

कार्तिकात डोमा घरी आला. चहा घेतला, बशी खाली ठेवली. "टिकारामभाऊ, मनोऱ्यापाशी बुडबुडे निघून राहिले."

"मासे असतील गा."

"मासा जागा बदलवते. हे एकाच जागी निघते. ओळीनं. लांब भिंत असते ना, तशी ओळ."

मी म्हटलं, चुना आहे डोम्या. चुन्यावर पाणी पडलं की तो उकळतो, फसफसतो, लहान पोराला माहीत आहे. डोमा हो म्हणाला. डोमाला चुन्यातलं कळत नाही. मला कळतं. कळीचा चुना उकळतो. एकदा विझवला, भिंतीला लागला, की तो मेलेला असतो. शंभर वर्षं पाण्यात ठेवा, एक बुडबुडा द्यायचा नाही.

सुमित्रा आतून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती चप्पल घालून दारात उभी. तेव्हापासून आम्ही रोज जातो. वसाहतीपासून पाणी लांब नाही. ती काठावर फडकं अंथरून बसते, तोंड पाण्याकडे. तिला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

"निघून राहिले का?"

"निघून राहिले."

"रीताचे?"

"तिचेच सर्वांत मोठे. तुझ्यावर गेली, दम आहे पोट्टीत."

मग ती डोकं हलवते आणि घरून आणलेल्या डब्यातला भात चिमटीनं पाण्यात टाकते. वाळली होती ना.

नाताळ आला तेव्हा मी सवयीनं चुना भिजवला. कुठं लावायचा कळेना, म्हणून पुंडलिकरावाच्या दाराला लावला. तो मला पाहून आज काही बोलेल असं वाटलं. त्यानं येऊन नुसता कुंचला धरला, दुसरी बाजू त्यानं रंगवली. त्याचाही एक होता त्या ओळीत.

पौषात एका दुपारी पाणी सपाट होतं. काचेसारखं. मनोऱ्यापाशी बघितलं, काही नाही. वाट पाहिली. पाणकावळा उडून गेला, परत आला. काही नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही.

"निघून राहिले का?" सुमित्रानं विचारलं.

"निघून राहिले."

"रीताचे?"

"आज तर असे निघाले बाप्पा, डोम्याचा डोंगा उलटला असता."

असं पुष्कळ दिवस चाललं. काल ती डबा उघडून बसली होती, आणि चिमूट भरून तशीच हातात धरून राहिली. पाण्याचा काही आवाज नव्हता.

"अजी," ती म्हणाली. "तुमी आयुष्यभर साऱ्या गावाले फसवलं. मले एकडाव बी नाही जमलं तुमाले."

मी पाण्याकडे बघत होतो.

"मंग उद्यापासून यायचं नाही काय?" मी विचारलं.

तिनं भात पाण्यात टाकला. बोटं लुगड्याला पुसली. नाकावर, जिथं फुली नव्हती तिथं, एकदा हात फिरवला.

"येऊ ना," ती म्हणाली. "उद्या बी सांगजा."